शाळेचा निकाल आणि शाळेची पारख



दहावीचे निकाल लागले, की बडोद्यातील मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते. अमक्या शाळेचा निकाल ९५ टक्के, तमकीचा ७५. मग मुलाला घालावे कोठे? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या मापाने आपण शाळा मोजतो, ते माप कितपत खरे, याचा विचार आज करावयाचा आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, दोन शाळांच्या नववीत प्रत्येकी ६० मुले आहेत. पहिली शाळा त्यांतील २० कच्च्या मुलांना दुसरी वाट दाखविते. उरलेली ४० दहावीच्या परीक्षेस बसतात आणि ३८ उत्तीर्ण होतात. निकाल ९५ टक्के. दुसरी शाळा साठही मुलांना बसविते, ४५ उत्तीर्ण होतात. निकाल ७५ टक्के. नाव पहिलीचे होते, पण अधिक मुले पार नेली दुसरीने. वाटेत उतरविलेल्या त्या वीस मुलांची नोंद टक्केवारीत कोठेच सापडत नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली आहे. मात्र त्या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. गुजरात सरकारने २००९ साली सरकारी प्राथमिक शाळांसाठी ‘गुणोत्सव’ सुरू केला. त्यात मुलांचे वाचन, लेखन व गणन तपासून शाळांना श्रेणी देण्यात आली. उपक्रम उपयुक्त खरा. तथापि मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते, हे केवळ श्रेणीवरून समजत नाही.

याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. सक्तीचा अर्थच असा, की शाळेबाहेर किती मुले राहिली, हेही राज्याने मोजावयाचे. तीच दृष्टी आज पालकांनी ठेवावयास हवी.

तेव्हा शाळेत जाऊन तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. पाचवीत असलेल्यांपैकी किती मुले येथूनच दहावीला बसली? मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा काय करते? गणिताचे व भाषेचे शिक्षक टिकून राहतात काय?

मराठी माध्यमाच्या शाळांनाही हेच प्रश्न विचारावेत. पट दहाचा असेल, तर एक मूल नापास होताच निकाल दहा टक्क्यांनी घसरतो. एवढ्यावरून ती शाळा वाईट ठरत नाही. त्याचबरोबर, केवळ मातृभाषेच्या जिव्हाळ्याने ती चांगलीही ठरत नाही.

या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी शाळा, तिचा निकाल थोडा कमी असला तरी, अधिक भरवशाची मानावी. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एवढी चौकशी आपण करावी.