तात्पुरतं घर किती दिवसांचं?



पूर आला, भूकंप झाला की दोन गोष्टी लगेच चर्चेत येतात. पहिली म्हणजे लोकांना बाहेर काढणं आणि दुसरी म्हणजे पक्कं घर कधी मिळणार. या दोहोंच्या मधला काळ मात्र कुणी मोजत नाही. निवारा केंद्र बंद होतं, आपल्याकडे ज्याला गंजी केंद्र म्हणतात ते. पक्क्या घराचा पाया अजून खणलेला नसतो. मग माणसं राहतात कुठं? आज मी फक्त या मधल्या काळावर बोलणार आहे.

२०१९ चा ऑगस्ट तुम्ही पाहिलाय. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या. यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला. लोक शाळांत राहिले. पण शाळा कायमची देता येत नाही, पाणी ओसरलं की वर्ग भरवावे लागतात. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं पाच लाख जाहीर केले. रक्कम चांगलीच होती. पण ती बांधकाम पुढं सरकेल तशी टप्प्याटप्प्यानं मिळणार होती. म्हणजे आधी पाया घाला, मग पुढचा हप्ता. तोवर म्हातारी आई, दोन म्हशी आणि शाळेची पोरं कुठं ठेवायची, याचं उत्तर त्या पाच लाखांत नव्हतं.

आता किल्लारी बघा. बिदर, कलबुर्गीकडच्या आपल्या मंडळींना ते नाव घरचंच आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवायचं ठरलं. पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९८ पर्यंत चालला. तोवर हजारो कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मराठवाड्याचा उन्हाळा आणि डोक्यावर पत्रा, जास्त सांगायला नको.

पण किल्लारीनं एक चांगली गोष्टही शिकवली. ज्या गावांत जुन्या जागीच दुरुस्ती करायची होती, तिथं घरमालकानं स्वतः काम करून घ्यायचं ठरलं. महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. कुठला हप्ता कधी मिळतो, सिमेंट कुठं वापरायचं, भिंत कशी बांधून घ्यायची, हे त्या घरोघर सांगत. सरकार आणि घर यांच्यामध्ये गावचंच माणूस उभं राहिलं.

दुसरं उदाहरण जपानचं, कोबे शहराचं. १७ जानेवारी १९९५ ला तिथं भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. जपाननं काही महिन्यांत ४८ हजारांहून अधिक तात्पुरती घरं उभारली. वेग बघून थक्क व्हायला होतं. पण घरांचं वाटप बरंचसं चिठ्ठ्या टाकून झालं, वृद्धांना आणि अपंगांना आधी. हेतू चांगला होता. झालं काय, जुन्या गल्ल्या फुटल्या, शेजार तुटला. एकटी म्हातारी माणसं अनोळखी रांगांत राहायला गेली आणि काही जण खोलीत एकटेच मेले, दिवसेंदिवस कुणाला कळलंही नाही. त्यानंतर जपानमध्ये आख्खी वस्ती एकत्र हलवण्याचा विचार रुजला. छप्पर सरकार देतं, पण शेजारी देत नाही. तो आपणच सांभाळायचा.

म्हणून तुम्हाला चार कामं सांगतो. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत.

पहिलं, यादी. पुराच्या आधीच गावात कुठल्या घरात कोण राहतं, कोण भाड्यानं आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, हे लिहून ठेवा. घराचा उतारा आजोबांच्या नावावर असेल तर आत्ताच दुरुस्त करायला लावा. सर्व्हेच्या दिवशी ते जमत नाही. भाडेकरूचं नाव तर यादीतून सगळ्यात आधी गळतं.

दुसरं, मापं. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या निकषांत निवारा केंद्रात माणशी ३.५ चौरस मीटर जागा आणि ३० माणसांमागं एक शौचालय सांगितलंय. टेप घेऊन जा, मोजा आणि लेखी द्या. ‘गैरसोय होते’ म्हटलं की साहेब मान हलवतात, आकडा दिला की लिहून घेतात.

तिसरं, जागा. शेड कुठं पडणार, हे ग्रामसभेत आधी बोला. शेत आणि गोठा लांब गेला की माणूस शेड सोडून परत पडक्या भिंतीखाली झोपायला जातो. जनावरांची सोय नसेल तर ती जागा शेतकऱ्याच्या कामाची नाही.

चौथं, कागद. अर्ज कन्नडमध्ये येतो, आजीला मराठीच वाचता येतं. तुम्हाला दोन्ही येतं. पीडीओसमोर तिच्याशेजारी बसा, प्रत्येक रकाना वाचून दाखवा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. किल्लारीत संवाद सहायक बायकांनी केलं ते हेच काम.

आणि प्रत्येक अर्जात एक प्रश्न लेखी विचारा: हे शेड कुठल्या तारखेपर्यंत? तारीख नसली की तात्पुरतं घर वर्षानुवर्षं तात्पुरतंच राहतं. तारीख कागदावर असेल तर ती उलटल्यावर तुम्हाला बोलायला जागा राहते.

पुढचा पावसाळा यायच्या आत आपल्या गावची यादी करायला घ्या. दोघं-तिघं असलात तरी पुरे.