जुन्या मोटारगाडीचे रास्त मोल



डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. कुटुंबप्रमुखाचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले आहे. दारात पाच वर्षे पूर्ण होत आलेली एक लहान पेट्रोल मोटार उभी आहे. घरात ती चालविणारे कोणी नाही आणि मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैशाची निकड आहे. एक दलाल येऊन गाडीभोवती एक फेरी मारतो आणि दोन लाख सत्तर हजार रुपये रोख देऊ करतो. शेजारी सांगतात की पावणेचार लाखांखाली गाडी सोडूच नये. गाडी घेण्याची इच्छा असलेले एक शिक्षकही ओळखीतून पुढे आले आहेत. त्यांना त्या बाईंना फसवावयाचे नाही, आणि आपली पुंजी वाया घालविणेही परवडणारे नाही. अशा वेळी रास्त किंमत कोणती म्हणावी?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. गाडी मुळात केवढ्याला घेतली होती, या आकड्याला आजच्या व्यवहारात फारसा अर्थ उरत नाही. विकणारा मात्र तोच आकडा उराशी धरून बसतो. त्यातच रस्ता कर, पहिल्या वर्षाचा विमा व हौसेने बसविलेली आसनांची आवरणे हे सारे तो मिळवितो. वस्तुतः मोजणीचा आरंभ त्याच जातीच्या नव्या गाडीच्या आजच्या किमतीपासून व्हावयास हवा, कारण घेणाऱ्यासमोर दुसरा पर्याय असतो तो नव्या गाडीचा. याचे ठळक प्रत्यंतर २०२५ साली आले. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. लहान पेट्रोल गाडीवर पूर्वी करापोटी शंभरास एकोणतीस पडत, ते अठरा झाले. म्हणजे कारखान्याचा मूळ दर तोच राहिला तरी गाडी सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरू शकते. ज्यांनी ऑगस्टमध्ये जुन्या गाडीचा भाव मनाशी बांधला होता, त्यांच्या गाडीत एका रात्रीत काही बिघडले नव्हते; तथापि तिचा भाव उतरणे अपरिहार्य होते.

याच्या अगदी उलट स्थिती या देशाने एकेकाळी पाहिलेली आहे. परवाना पद्धतीच्या काळात अँबॅसिडर किंवा फियाट मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसावे लागे. त्या वेळी हाती आलेली गाडी लगेच विकली तर नव्यापेक्षा अधिक पैसे मिळत. १९६९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या किमतींवर नियंत्रण आणले, कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ च्या निकालात मोटारीची रास्त किंमत म्हणजे काय, याचा ऊहापोह देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर झाला. तो प्रश्न नव्या गाड्यांचा होता. जुन्या गाडीच्या बाबतीत असे न्यायासन कोठेही नाही.

विमा कंपन्यांचे कोष्टक हा त्यातल्या त्यात एक तयार आधार. विम्यासाठी गाडीचे मूल्य धरताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पुरे होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरण्याचा प्रघात आहे. पाच वर्षांनंतर ते मूल्य विमेदार व कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावयाचे असते. डिचोलीच्या गाडीची नवी प्रत आज विक्रीदालनात सहा लाखांना मिळते असे धरले, तर कोष्टकाप्रमाणे तिचे मूल्य तीन लाख होते. परंतु हे कोष्टक आंधळे आहे. वर्षाला पाच हजार किलोमीटर चाललेली आणि तीस हजार चाललेली गाडी ते एकाच मापाने मोजते. तेव्हा या आकड्याचा उपयोग, कोणी फार वर किंवा फार खाली बोलत असेल तर सावध होण्यापुरताच.

खरा आधार बाजाराचाच. त्याच जातीच्या, त्याच वर्षाच्या, साधारण तितक्याच चाललेल्या आठ-दहा गाड्यांचे मागितलेले भाव टिपून घ्यावेत. समजा ते तीन लाख चाळीस हजार ते तीन लाख नव्वद हजार या दरम्यान आहेत आणि बहुतेक तीन साठच्या आसपास आहेत. मागितलेला भाव व सुटलेला भाव यांत अंतर असते. म्हणून अशी धडधाकट गाडी प्रत्यक्षात तीन लाख चाळीस हजारांना जाते असे धरावे. शेजाऱ्यांचा पावणेचार लाखांचा आकडा कोठून आला, हे येथे ध्यानात येते: त्यांनी जाहिरातीतला वरचा भाव ऐकला होता.

आता गाडीकडे वळावे. म्हापशाच्या बाजारात मासळी घेताना कल्ले उघडून पाहता येतात. मोटारीचा ताजेपणा इतक्या सहजी दिसत नाही. अंतरमापकावरील आकडा मागे फिरविलेला असू शकतो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी, पेडलवरील रबराची झीज आणि चालकाच्या आसनाची कड ही तिन्ही त्या आकड्याशी जुळतात का, हे पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळते आहे, आणि पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर शीतकाचे पाणी आत शिरते आहे असे समजावे. गोव्यात याखेरीज दोन गोष्टी विशेष पाहावयाच्या. समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा रंग झळकत असतो आणि तळाचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असतो. दाराच्या उंबऱ्याखाली व चाकाच्या कमानीत हात फिरविल्याशिवाय ते कळत नाही. दुसरे म्हणजे, खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी बेकायदेशीरपणे पर्यटकांना भाड्याने दिली जात होती काय, याची चौकशी करावी. रोज नव्या हाताने चालविलेल्या गाडीचा क्लच व गिअर किती शिल्लक असतील, हे कोणीही ताडू शकेल.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा तर स्वतंत्र विषय होय. मुंबईत २००५ साली, चेन्नईत २०१५ साली, सांगली-कोल्हापुरात २०१९ साली व चिपळूणला २०२१ साली महापूर आले. बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन पुष्कळदा दूरच्या गावी विक्रीस जातात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेषा दिसते का, ते पाहावे. गालिच्याखाली आणि जादा चाकाच्या खळग्यात गाळ राहतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातील मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते. अशा गाडीला कोणत्याही स्वस्त भावात रास्त म्हणता येत नाही. एखाद्या विश्वासू मेकॅनिकला हजार रुपये देऊन गाडी उचलून दाखवून घ्यावी. हा खर्च वाचविणारे पुढे हळहळतात.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे जे तिघे मानकरी ठरले, त्यांत ते होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी संशयित धरूनच भाव बोलतो. चांगल्या गाडीचा मालक त्या भावाने खट्टू होऊन गाडी मागे घेतो आणि बाजारात टाकाऊ गाड्याच अधिक उरतात. डिचोलीच्या त्या बाईंच्या पतीने सर्व्हिसची प्रत्येक पावती फाईलला लावून ठेवली होती असे मानू. ती फाईल म्हणजे हा संशय दूर करणारा पुरावा होय. दलालाने तिच्याकडे पाहिले नाही. शिक्षकाने ती उघडून वाचावी.

वजावटीचा हिशेब असा. टायर चारही मूळचे, बदलावयास अठरा हजार रुपये लागतील. येथे घेणारे पूर्ण अठरा हजार कापू पाहतात, ते न्याय्य नव्हे. तीन चाळीसला जाणाऱ्या इतर गाड्यांचे टायरही निम्मे झिजलेलेच असतात, त्यामुळे नऊ हजारच कापावेत. बॅटरी संपलेली, तिचे पाच हजार. विम्याची मुदत महिन्याभरात संपते, त्याचे बारा हजार. पूर्वीच्या मालकाला दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत त्याची व्यक्तिगत असते, ती घेणाऱ्याला मिळत नाही. मागच्या बंपरचे काम चार हजार. एकूण वजावट तीस हजार झाली, म्हणजे गाडी तीन लाख दहा हजारांची ठरली.

दलालाचे दोन सत्तर आणि हे तीन दहा यांत चाळीस हजारांचे अंतर आहे. दलालही सर्वस्वी लबाड नसतो, हे नमूद करावयास हवे. त्याचे पैसे अडकतात, जागेचे भाडे असते, आणि तो नोंदणीकृत व्यापारी असेल तर खरेदी-विक्रीतील फरकावर त्याला १८ टक्के कर भरावा लागतो; खाजगी व्यक्तीने व्यक्तीला गाडी विकल्यास तो कर नाही. बाईंना दोन सत्तरच्या वर मिळणारा प्रत्येक रुपया लाभाचा आहे. शिक्षकाला तीन दहाच्या खाली वाचणारा प्रत्येक रुपया लाभाचा आहे, मात्र त्याला व्यापाऱ्याकडून मिळाली असती ती हमी येथे नाही. म्हणून मध्यावरचा दोन लाख नव्वद हजारांचा आकडा दोघांनाही रास्त ठरतो. मुलीची फी पुढल्या आठवड्यात भरावयाची आहे हे कळल्यावर शिक्षक दोन पंचाहत्तरवर अडून बसला, तर बाई कदाचित देतीलही. तो सौदा कायदेशीर होईल, पण रास्त म्हणवणार नाही.

परराज्यातील गाडीचा भाव ऐकताना आणखी एक बेरीज करावी. बेळगावहून चोर्ला घाट उतरून आलेली गाडी पन्नास हजारांनी स्वस्त वाटते. तथापि ती बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवावयाची असेल तर तेथील कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून येथे नवी नोंदणी करावी लागते आणि येथील कर भरावा लागतो. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीचेही तसेच आहे; नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले.

कागदपत्रांचा भाग किमतीपासून वेगळा काढता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत हस्तांतरणाची खबर द्यावयाची असते. नमुना २९ व ३० भरून न दिल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालाने स्पष्ट केले आहे: गाडी हातोहात कितीही जणांकडे गेलेली असो, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार धरला जातो. बँकेचा बोजा उतरविलेला नसेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. बोजा, विमा व थकलेले दंड यांची माहिती वाहतूक खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत पाहता येते.

डिचोलीच्या बाईंना तर याआधी आणखी एक पायरी आहे. नोंदणी अजून दिवंगत पतीच्या नावे असल्याने त्यांची सही विक्रीस पुरत नाही. मृत्यूची खबर नोंदणी अधिकाऱ्यास तीस दिवसांत द्यावयाची असते आणि नमुना ३१ मध्ये गाडी वारसाच्या नावे करून घेण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करावयाचा असतो. त्यांपैकी दोन महिने गेले आहेत. शिक्षकाने आज इसार म्हणून पंचवीस हजार देऊन पावती घ्यावी, बाईंनी या आठवड्यात अर्ज दाखल करावा, आणि नाव लागल्यावर उरलेले दोन लाख पासष्ट हजार बँकेमार्फत देऊन, ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून, दोघांनी सह्या कराव्यात.