ध्वनिफितीचे स्वातंत्र्य आणि त्याच्या मर्यादा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



कलावंताच्या स्वातंत्र्याची चर्चा आपण बहुधा सरकारी बंधनांपुरतीच करतो. परंतु निर्मितीची साधने कोणाच्या मालकीची आहेत, हा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. त्या दृष्टीने आर. स्टीव्ही मूर या अमेरिकन संगीतकाराचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

मूर यांचा जन्म १९५२ साली नॅशव्हिल येथे, ध्वनिमुद्रण उद्योगाच्या एका बालेकिल्ल्यातच झाला. वडील बॉब मूर हे नामांकित बासवादक. एल्व्हिस प्रेस्लीला त्यांनी साथ केली होती. मुलाने मात्र स्टुडिओची वाट सोडली. घरीच सारी वाद्ये स्वतः वाजवायची, आणि एका फितीवरील आवाज दुसरीवर उतरवताना त्यात नवी साथ मिसळायची, ही त्यांची पद्धत. १९७६ मध्ये 'फोनोग्राफी' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्या प्रती अवघ्या १००! पुढे न्यू जर्सीत त्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात नोकरी केली. दिवसा इतरांचे संगीत विकायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे मुद्रित करायचे! १९८० नंतरच्या दशकात त्यांनी 'कॅसेट क्लब' चालवला. मागणी आली की घरी प्रत काढून ती टपालाने धाडायची. असे त्यांचे चारशेहून अधिक संग्रह झाले.

याच सुमारास, १९८१ मध्ये, ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने घरगुती मुद्रणामुळे संगीत मरत असल्याची ओरड सुरू केली. वस्तुतः धोक्यात होती ती मक्तेदारी. आपल्याकडेही त्याच दशकात कॅसेटने एका बड्या कंपनीचे वर्चस्व मोडले आणि भीमगीते, लोकगीते गावोगाव पोचवली.

तथापि, केवळ यंत्र स्वस्त झाल्याने मूर यांचे संगीत श्रोत्यांपर्यंत पोचले नाही. त्यामागे सार्वजनिक टपालसेवा होती. पाकिटातील संगीत खपाऊ आहे की नाही, हे ती विचारीत नव्हती. आज संगणकावर कोणीही घरी मुद्रण करू शकतो. परंतु श्रोत्यापर्यंतची वाट मूठभर खाजगी कंपन्यांच्या ताब्यात गेली आहे. कोणते गाणे पुढे यावे आणि कलावंताला किती मोबदला मिळावा, हे त्याच ठरवतात.

शिवाय उपजीविकेचा प्रश्न कॅसेटनेही सोडवला नव्हता. मूर यांना नोकरी करावी लागलीच. म्हणून निर्मितीचे साधन हाती आले एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. वितरणावर सामाजिक नियंत्रण आणि कलावंताच्या श्रमाला न्याय्य मोबदला, या दोन मागण्या सांस्कृतिक आघाडीवरील आपल्या कामात अग्रक्रमाने आल्या पाहिजेत.