गहू पेरू की वाल?
(वाडीच्या सभेतलं भाषण)



गव्हाचं बी फुकट मिळालं तरी पेरण्याआधी थंडी आणि पाणी बघा. गव्हाला गार रात्री लागतात, पाण्याच्या पाच-सहा पाळ्या लागतात. निफाडचा 'नेत्रावती' कमी पाण्यावर येतो खरा, पण तो घाटावरच्या थंडीत, काळ्या जमिनीत. आपल्या रत्नागिरीत हवा उबदार, माती तांबडी. पाऊस सरला की ओल उडते.

म्हणून खाचरात कर्जत-१८४ सारखं हळवं भात लावा. ते लवकर निघतं. कापणी झाली की ओल आहे तोवर वाल, कुळीथ टाका. ओल आणि दव, एवढ्यावर ते येतं. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. सत्तरच्या आत उगवले तर बी जास्त टाका.

बी घरचं राखा. राखायचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने दिलाय. २००६ च्या वनहक्काची जमीन विकता येत नाही, पण बियाण्याच्या उधारीत पीक जातं. मग उचल घेऊन वीटभट्टी गाठावी लागते, आणि प्लॉट ओसाड पडतो.

कणगीत बी असेल, तर माणूस आपल्या जमिनीवर राहील.