विरळणी : सागाच्या राईतील निवड



वसंतातल्या व्याख्यानाला विषय घ्यावा आणि तो झाडे तोडण्याचा, हे पाहून काहींनी नाके मुरडली असतील. झाडे लावा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. लावलेल्यांतली काही तोडा म्हणून सांगणारा क्वचितच. पण आज आम्हाला तेच सांगावयाचे आहे, आणि तेही आमच्याच चुकीच्या आधाराने.

आमच्या वडिलांनी लांज्याच्या बाजूला वरकस जमिनीत साग लावला. दोन-दोन मीटरवर एक रोप, म्हणजे गुंठ्याला २५ झाडे. पहिली काही वर्षे ती राई पाहून डोळे निवत. पुढे झाडे उंच गेली, पण अंगाने भरेनात. वीस वर्षे झाली तरी बहुतेकांचा घेर दोन पंजांत मावेल एवढाच! खत कमी पडले, जमीन हलकी, रोपेच वाईट, अशी कारणे आम्ही शोधीत बसलो. खरे कारण एवढेच की इतक्या वर्षांत आम्ही त्यांतले एकही झाड काढले नव्हते. जीवच होत नव्हता.

वास्तविक हे मर्म आपल्या घरातल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. वाफ्यात माठ दाट उगवला की त्या मधली मधली रोपे उपटतात. उपटलेल्यांची भाजी होते आणि राहिलेली फोफावतात. माठाच्या बाबतीत जे आठ दिवसांत कळते, ते सागाच्या बाबतीत कळायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

मग मुळात दाट लावायचेच कशाला, असे कोणी विचारील. तर दाटीत रोप सरळ वर जाते, बाजूच्या फांद्या आपोआप गळतात, खाली सावली पडून गवत मरते. पण शेंडे एकमेकांना भिडले की दाटीचे हे काम संपले. साग उन्हाचा मोठा हपापलेला वृक्ष. शेजाऱ्याची सावली त्याला सोसत नाही. वर उन्हासाठी आणि खाली पाण्यासाठी झुंज सुरू होते. आपल्याकडे जांभ्याचा कातळ हात-दोन हातांवर लागतो, तिथे ही खालची झुंज अधिकच जीवघेणी. अशा उथळ कातळावर साग मुळात लावूच नये, पण तो वेगळा विषय झाला.

सागाच्या लागवडीची विद्या आपल्या देशात जुनी आहे. मलबारात निलंबूर येथे कलेक्टर कोनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी १८४० नंतरच्या दशकात लागवड केली. १९७४ साली स्थापन झालेले आपल्या राज्याचे वनविकास महामंडळही सागाची लागवड आणि विरळणी ही एकाच कामाची दोन अंगे मानते. पहिल्या खेपेस हिशेब सोपा असतो : एकाआड एक तिरपी ओळ काढायची. गुंठ्यातली २५ झाडे १२-१३ वर येतात. पुढच्या खेपा मात्र डोळ्यांनी निवडून करावयाच्या, आणि शेवटी गुंठ्याला एक-दोन झाडेच उरतात. एवढीच? होय, एवढीच. घेर दुप्पट झाला की खोडाचा छेद चौपट होतो. शिवाय बारीक सागात पांढरे लाकूडच फार, आणि ते वाळवीचे आवडते खाद्य. गाभ्याचे टिकाऊ लाकूड झाड जाड झाल्यावरच पुरेसे भरते.

आता खरी अडचण येते ती कोणते झाड काढायचे यात. लोक वाळलेले, वाकडे, मरतुकडे तेवढे काढतात आणि विरळणी झाली म्हणून समाधान मानतात. रोगट झाड काढावे हे खरेच. पण जे आधीच हरले आहे, ते काढून जिंकणाऱ्याला काय मिळणार? ते त्याचे ऊन अडवीतच नव्हते. आधी राखायचे झाड ठरवावे : सरळ, निरोगी, भरदार शेंड्याचे. मग मान वर करून पाहावे की त्याच्या शेंड्याला कोण भिडले आहे. तो भिडणारा बहुधा चांगलाच, दुसऱ्या नंबरचा असतो. काढायचा तो. हिमालयातल्या चीडाच्या तरुण राईतही पाहणाऱ्याची नजर अशीच बुंध्यावरून शेंड्याकडे जावी लागते.

मात्र चूक कळली म्हणून एका दिवसात सारे मोकळे करू नये. दाटीत वाढलेले लुकडे झाड शेजाऱ्यांच्या आधाराने उभे असते. आधार एकदम गेला तर पहिल्याच वादळात ते आडवे होईल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे काय केले, हे आपण विसरलेले नाही. शिवाय खोडावर एकाएकी ऊन पडले की त्यावर जागोजाग धुमारे फुटून लाकडाला गाठी येतात. लवकर, वारंवार आणि थोडे थोडे, हाच क्रम बरा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. झाड आपल्या मालकीचे असले तरी परवानगीवाचून त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. चार वाशांसाठी कोण अर्ज करीत बसतो, असे म्हणून पुष्कळजण विरळणी टाळतात. आम्हीही टाळली होती.

अखेर गेल्या वर्षी परवानगी काढली. पावसाळा सरल्यावर, पाने अंगावर असताना, आम्ही राईत खुणा करीत फिरलो, कारण उन्हाळ्यात पाने झडली की कोण कोणाला झाकतो हे उमगत नाही. बरोबरच्या गड्याने एका खोडावर हात ठेवून विचारले, “भाऊ, ह्या झाड त चांगला हाय. त्या कशाला?” झाड खरेच चांगले होते. वडिलांच्या हातचे होते. आम्ही त्याला शेजारच्या झाडाचा शेंडा दाखवला. एका बाजूने तो पार खुरटला होता. गडी बराच वेळ वर पाहत राहिला, मग त्याने मुकाट्याने चुन्याचा पट्टा ओढला.

त्या खेपेस तीन झाडांमागे एक काढले. गोठ्याला वासे झाले, मांडवाला मेढी झाल्या, उरलेले विकून मजुरी सुटली. राखलेल्या वीस झाडांचे घेर छातीच्या उंचीवर मोजून वहीत लिहून ठेवले आहेत. यंदा पाऊस उघडला की पुन्हा टेप लावू.