अडीच फुटांवरून घर



आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशात मुऱ्हाळी निघतात. भाऊ बहिणीला आणायला जातो आणि बहिणीच्या कडेवर तिचं दीड-दोन वर्षांचं पोरही माहेरी येतं. झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते, घागर भरायची असते, खापरावर मांडे व्हायचे असतात. माहेरच्या त्या घरात मात्र वीस-पंचवीस वर्षांत लहान मूल वावरलेलं नसतं. जमिनीपासून हातभर उंचीवर काय काय पडलेलं आहे, याचं भान घराला उरलेलं नसतं. आज बोलायचं आहे ते एक ते तीन वर्षांच्या मुलाबद्दल आणि आपल्या वैशाखातल्या घराबद्दल.

अंगणवाड्यांच्या कामानिमित्त मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घरोघर फिरले. मूल हात लावतं, ओढतं, तोंडात घालतं, ऐकत नाही, अशी तक्रार प्रत्येक आईची असते. माझं म्हणणं एवढंच, की या वयात मुलाच्या आधी घराला वळण लावा. ‘हात लावू नको’ हे दीड वर्षाच्या मुलाला ऐकू येतं, बऱ्यापैकी कळतंही. पण निघालेला हात आवरणं त्याला जमत नाही. ते जमायला तीन-चार वर्षांचं व्हावं लागतं. तोवर आपण ओरडत बसतो आणि वस्तू असते तिथंच असते. वस्तू उचला, घसा वाचेल.

कशी उचलायची? पाहुणी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसानं गुडघ्यांवर रांगत घरभर एक फेरी मारावी. हसू नका. अमळनेर तालुक्यातल्या एका घरी मी आबांनाच रांगायला लावलं होतं. आधी कुरकुरले, मग त्यांनाच गोडी लागली. दिवाणाखाली उंदराच्या औषधाची पुडी निघाली. शिलाई मशीनच्या पायाशी सुया. आणि कोनाड्याखालच्या पोत्याआड कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात मागच्या हंगामातलं कपाशीवरच्या फवारणीचं उरलेलं औषध. बाटलीवर चित्र संत्र्याचं. आबा तिथंच मांडी घालून बसले, थोडा वेळ काही बोललेच नाहीत. कापसाच्या मुलखात हे फार घरांतून चालतं. औषध त्याच्या मूळ डब्यातच ठेवा, आणि तो डबा घराबाहेर, कुलपात. मुलानं तोंडाला लावलंच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. गिळताना झालं त्याहून जास्त नुकसान ओकताना होऊ शकतं. १०८ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली बरोबर घ्या.

आता पाणी. आपल्याकडे नळ कुठं चार दिवसांनी येतो, कुठं आठवड्यानं. त्यामुळे घरात जे मिळेल त्यात पाणी भरलेलं असतं. टिपाडं, टब, बादल्या, घंगाळं, हौद. आपल्याला हा साठा वाटतो, पण चालायला लागलेल्या मुलाच्या दृष्टीनं ती दारातली विहीर आहे. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत डोकावलेलं मूल तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि त्याला पुन्हा वर येता येत नाही. त्यासाठी भरलेली बादली लागत नाही, वीतभर पाणी पुरतं. शिवाय आवाज होत नाही. सिनेमात बुडणारं माणूस हाका मारतं, मूल तसं काही करत नाही. म्हणून बादली वापरली की पालथी घाला, टिपाडाचं झाकण दोरीनं बांधा, न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवा. सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची. नळ आला म्हणून घर धावपळ करतं, जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून मोटरीचा पाइप आत सोडलेला असतो, आणि बाळ झोपलंय असं सगळे धरून चाललेले असतात. टाकी उघडी आहे तोवर एक माणूस तिथून हलायचं नाही. पाणी भरायला एक हात कमी पडला तरी चालेल.

पाण्यानंतर कूलर. मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो, भुसावळकडे त्याच्याही वर, आणि पत्र्याच्या कूलरशिवाय घरात बसवत नाही. पण पाणी, वीज आणि लोखंडी पत्रा एकत्र असलेली ही एकच वस्तू आपण मुलाच्या उंचीवर ठेवतो. ओल्या हातानं मूल पत्र्याला टेकतं. अर्थिंग नसेल तर पुढचं मी सांगायला नको. तीन पिनांचा प्लग लावा. तिसरी पिन मोडून दोनच्या बोर्डात खुपसलेली मी किती तरी घरांत पाहिली आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवायला सांगा; कुठं करंट गळायला लागला की ती वीज तोडते. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा, मग बादली उचला. जाळीतून मुलाची बोटं पंख्यापर्यंत जातात का, तेही बघा. आणि आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून, आतून घासून, वाळवून पुन्हा भरा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. नुसतं वरून पाणी ओतत राहिलात तर भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवसही हेच. गच्चीवर खाटा टाकलेल्या, खाली चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटतोय, बायका गप्पांत. चटका बसलाच तर भाजलेल्या भागावर साधं पाणी वीस मिनिटं सोडत राहा. नळ नसेल तर तांब्यानं ओता. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको. फोड फोडू नका. तळहाताएवढं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर दवाखाना. घाटा शिजत असताना मुलाला चुलीपासून दूर, कुणाच्या तरी ताब्यात द्या. घाटा निवला की वाटीभर त्यालाच द्यायला मात्र विसरू नका, ताज्या घाट्याचं सुख कोरड्या बिबडीला नाही.

खाण्याचं बोलायचं तर खानदेशी स्वयंपाक तिखट आणि पोर तिखट खात नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळं काही शिजत नाही आणि शेवटी हातात येतं चहा-बिस्किट. यावर उपाय सोपा आहे. फोडणी घालण्याआधी वाटीभर वरण बाजूला काढा. त्यात बट्टी कुस्करा किंवा कळण्याची भाकरी भिजवा, वर तुपाची धार. भरिताचं वांगं भाजलं की मिरची ठेचण्याआधी दोन घास काढून ठेवा. बाजरी, मेथी, अंबाडी, शेपू यांतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा. चहा नेमकं उलट करतो, लोह शोषू देत नाही. दूधही अर्ध्या लिटरपेक्षा जास्त देऊ नका. दुधानं पोट भरलेलं मूल जेवत नाही, आणि दिसायला गुटगुटीत असून रक्त कमी भरतं. केळ्यानं सर्दी होते, हे मी रावेर-यावलच्या केळीबागांना लागून असलेल्या घरांत ऐकलं आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे ट्रक देशभर जातात आणि आपल्याच नातवाला आपण ती देत नाही! सर्दी विषाणूंनी होते. पिकलेलं केळं कुस्करून खुशाल द्या.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे मात्र चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नकोत. दाढा नसलेलं मूल दाणा चावत नाही. हसता-पळताना तो श्वासनळीत जातो. दाण्याचं कूट द्या. सीताफळ, बोर, चिंच बिया काढून, द्राक्ष उभं चिरून. काही अडकलंच आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला असेल तर त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरदार थापा. तरी निघालं नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर पाच झटके, आणि पुन्हा थापा. हे वर्षावरच्या मुलासाठी. तान्ह्याला पोटावर झटके द्यायचे नसतात. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, दाणा आणखी खाली जातो.

आमरस, डांगर, रस्त्यावरचा बर्फगोळा, माश्या. उन्हाळ्यात जुलाब ठरलेले. ओआरएसचं पाकीट घरात असूच द्या. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर उकळून निवलेलं पाणी एक लिटरच घ्या, अर्ध्या पाकिटाचा अंदाज बांधू नका. चोवीस तासांनी उरलेलं फेका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातानं पाजायला लावलं आणि हजारो माणसं वाचवली. सलाइन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही, अशांसाठी हे सांगितलं. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव छापायला ऑक्टोबर २०२५मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली. जुलाबात जास्तीची साखर त्रास वाढवते. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-सात तासांत लघवी नाही, मूल मलूल पडलं, तर घरी थांबू नका.

हट्टाचं काय, असं बाया हमखास विचारतात. चैत्रात धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत जावळ काढायला आलेली मुलं आठवा. दुपारचा एक, ऊन, गर्दी, पोटात काही नाही, आणि अनोळखी माणूस वस्तरा घेऊन डोकं धरतो. मूल आकांत करतं. आजी म्हणते, “पोर काब्र रडी ऱ्हायनं?” आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. ते भुकेलं आणि भेदरलेलं आहे. सकाळी लवकर जा, खाऊ घालून न्या, झोपेची वेळ टाळा. खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा आणि घरून निघतानाच त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. गर्दीत हरवलं तर पोलिसांना तोच लागतो. खरा हट्ट येतो, तेव्हा बोलणं कमी करा. जवळ बसा, लागेल असं काही बाजूला करा, ओसरू द्या. आदल्या दिवशी मारलं पण मागितलेलं दिलं नाही आणि आज पाहुण्यांसमोर लाजेखातर दिलं, तर मूल चुकत नाही, ते पाहुण्यांची वाट बघायला शिकतं.

घास भरवायला मोबाइल लावणं त्यातलंच. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पडद्याकडं बघणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. रेडिओ चालेल का? मी रेडिओवरूनच बोलत असताना ‘नाही’ म्हणणार नाही, हे उघड आहे. पण रेडिओ लावला तरी मूल फिरतं, नाचतं, आईशी बोलतं.

थोडं प्रवासाचं. मोटारसायकलवर पुढं टाकीवर मुलाला बसवतात, तेव्हा झळ आधी त्याला लागते आणि ब्रेक मारला की हँडलही त्यालाच. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ४०च्या आत, असा केंद्राचा नियम आहे. शक्य तर सकाळची एस.टी. धरा.

रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपायची सवय छान आहे, पण अंथरूण झटका, सकाळी चपला-बूट झटका, मुलाला खाटेवर झोपवा. लाल विंचू चावलेलं मूल गार पडतं, घामाघूम होतं, ओकतं. मंत्र-उतारा करण्यात तास घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही साधी गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. पण ती डॉक्टरांनीच द्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी.

आणि माहेरी निघताना पिशवीत लसीकरणाचं कार्ड टाका. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि नेमकी त्याच वेळी आई माहेरी असते. डोस मग दोन-दोन महिने राहून जातो. माहेरच्या गावातही लसीकरणाचा दिवस असतो. आशाताईंना कार्ड दाखवा, लस तिथं मोफत मिळते. सहा महिन्यांनी द्यायचा अ जीवनसत्त्वाचा डोस राहिला असेल तर तोही विचारा. अंगणवाडीत वजन करून घ्या, दंडाला घेर मोजायची पट्टी लावून घ्या. पट्टी हिरव्यात आली तर ठीक. पिवळ्यात किंवा लालमध्ये आली, तर सेविका पुढं कुठं जायचं ते सांगतील, आणि ते आखाजी उरकण्याची वाट न बघता करायचं.