लंगोटाचा उत्पादन खर्च

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर ऊसदर आहे, शेतीची वीज आहे, पाणीपट्टी आहे आणि सर्वांत शेवटी 'घरखर्चातील बचत' आहे. हा शेवटचा विषय बहिणींनी आग्रहाने घालायला लावला. त्यात लहान मुलांचे कपडे, डायपर, साबण आणि भांड्यांची पावडर असले मुद्दे पाहून काही भाऊ चहाला उठले. त्यांना माझी विनंती आहे, चहा इथेच येईल, बसा. ऊसदराचा आणि या विषयाचा हिशेब एकच आहे, हे मला आज सांगायचे आहे.

आधी साधे अंकगणित करू. पुणे-मुंबईचे सोडा, आता आपल्या गावातल्या किराणा दुकानातही डायपरच्या माळा लटकतात. एक डायपर दहा रुपयांचा धरा. जे घर पूर्ण डायपरवर गेले, तिथे दिवसाला पाच तरी लागतात. म्हणजे रोजचे पन्नास रुपये, महिन्याचे दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत 36,000 रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे एका बाळाच्या डायपरला दहा टन ऊस गेला. तोडणी-वाहतूक वजा केली तर आणखी जास्त.

हा हिशेब मी पहिल्यांदा घरी मांडला तेव्हा मला मोठा शोध लागल्यासारखे वाटले होते. राहुरीच्या विद्यापीठाची पदवी घेतलेला माणूस, पिकाचा खर्च काढण्यात हात बसलेला. मी कागद बायकोपुढे ठेवला आणि म्हणालो, "डायपर बंद. आपण लंगोट वापरू. माझ्या आईने चार मुले वडिलांच्या जुन्या धोतरावर वाढवली."

तिने कागद वाचला आणि विचारले, "अहो, उसाचा खर्च काढताना माझ्या भांगलणीची मजुरी धरता ना? मग इथे लंगोट धुणाऱ्याची मजुरी कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. भावांनो, आपण काय म्हणून भांडतो? सरकार उत्पादन खर्च काढते त्यात ए-2 म्हणजे खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-2 अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की सी-2. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली ती ए-2 अधिक एफएलवर. आपण सी-2 वर मागतो. आपली तक्रार एकच, की आमच्याकडून फुकट घेतलेल्या गोष्टींची किंमत धरा. मग घरातल्या बाईने फुकट दिलेल्या कष्टाला 'बचत' म्हणायचा आपल्याला काय अधिकार? सरकारने आपल्याशी केले तेच मी माझ्या घरात केले होते.

तेव्हा हिशेब पुन्हा मांडला. सहाच लंगोट असतील तर बाई दिवसभर धूतच राहते. लंगोट ओला झाला की धू, वाळत घाल, ढग आले की पळत जा. सगळे मिळून दिवसाचा तास सहज जातो. भांगलणीची मजुरी तीनशे रुपये आणि दिवस सहा तासांचा धरला, तर तासाचे पन्नास रुपये झाले. पाच डायपरचेही पन्नासच! म्हणजे बचत शून्य. उलट साबण आणि पाणी वेगळेच.

आता हेच नीट नियोजन करून करू. दोन डझन लंगोट एकदम शिवायचे. आपल्याकडे जुने सुती कापड आता उरलेले नाही, हे ध्यानात घ्या. धोतरे गेली, नऊवारी लुगडी गेली, साड्या पॉलिस्टरच्या झाल्या. ते कापड पाणी शोषत नाही आणि बाळाच्या अंगाला चिकटते. म्हणून मऊ सुती कापड विकतच आणावे लागेल. विटा आणि इचलकरंजी ही मागाची गावे आपल्या दाराशी आहेत. सात-साडेसात मीटरात दोन डझन चौकोनी लंगोट निघतात आणि शिलाईसह हजार रुपयांत भागते. चोवीस लंगोट असले की धुणे दिवसातून एकदाच, अर्ध्या तासाचे. रात्रीसाठी एक डायपर ठेवायचा, त्याने बाळ झोपते आणि आईही झोपते. त्याचे दोन वर्षांचे 7,200 रुपये. साबणाचे महिन्याला शंभर धरले तर 2,400. एकूण रोख खर्च 10,600. पूर्ण डायपरच्या मानाने 25,400 रुपये वाचले.

पण थांबा. रोजचा अर्धा तास म्हणजे पंचवीस रुपये, दोन वर्षांचे 18,250. वाचलेल्या 25,400 पैकी 18,250 रुपये ही धुणाऱ्याची मजुरी आहे. घराची खरी बचत 7,150 रुपये, तेवढीच. मोठा भाग ज्याने कष्ट केले त्याचा. आता तो कुणाच्या हातात जातो, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या घरी त्यावर दोन मार्ग निघाले. सकाळचे लंगोट मी धुवायचे आणि महिन्याला ठरलेली रक्कम बायकोच्या खात्यात टाकायची. आईला पहिले काही दिवस ते बघवले नाही. बाप्याने हौदावर लंगोट धुवायचे, म्हणजे गाव हसणारच. गाव आठवडाभर हसले. नंतर कुणी बघेनासे झाले.

खात्याचे मी मुद्दाम बोलतो. आपल्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या बायकांना साक्षर नाही म्हणून बँकेची परवानगी नाकारली गेली होती, त्यांनीच पुढे ती मिळवली. वाचलेला पैसा बाईच्या नावाने ठेवायला जागा नाही, ही सबब आता चालणार नाही.

आता पाण्याचे. बारा-पंधरा लंगोट धुवायला तीन बादल्या, म्हणजे पंचेचाळीस लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. एका बाळाचे लंगोट जवळजवळ एका माणसाचे पाणी खातात. कऱ्हाड-वाळव्याच्या नदीकाठाला हे जाणवणार नाही. पण माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथे टँकरची वाट बघणाऱ्या बाईला 'लंगोट वापर, पैसे वाचव' असे सांगायला मी जाणार नाही. पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल तर त्या वाहतुकीचीही मजुरी धरा. टंचाईच्या महिन्यांत डायपर वापरला तर ती उधळपट्टी नव्हे.

मात्र वापरलेल्या डायपरचे काय करता ते मी पाहिले आहे. तो उकिरड्यात जातो. उन्हाळ्यात शेणखताबरोबर ट्रॉलीत भरून शेतात जातो. वरचे प्लॅस्टिक कुजत नाही आणि आतला फुगलेला गर सरीत पडतो. या गराची एक गंमत सांगतो. अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात पिओरिया नावाचे शहर आहे. तिथे त्यांच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. मक्याच्या स्टार्चपासून स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरणारा पदार्थ तिथल्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात लोकांपुढे आणला. जमिनीत ओल टिकावी, बी उगवावे, असे त्याचे उपयोग डोळ्यांपुढे होते. त्याच जातीचे पदार्थ पुढे डायपरमध्ये गेले आणि धंदा झाला तो तिकडे. आपल्या दिल्लीच्या पुसा संस्थेनेही कोरडवाहू शेतीसाठी हायड्रोजेल काढले आहे. पण म्हणून कुणी डायपर फाडून शेतात टाकू नका. त्यात मैला असतो आणि प्लॅस्टिक असते. मैला संडासात टाका, डायपर कागदात गुंडाळून कोरड्या कचऱ्यापासून वेगळा द्या. प्रत्येक डायपरबरोबर गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली होती. तुमच्या दुकानातल्या पुड्यात ती आहे का, ते बघा आणि नसेल तर विचारा.

दुसरी गोष्ट बाळाच्या खाण्याची. इथे घरचे करण्यात निखळ फायदा आहे. सहा महिने फक्त आईचे दूध. घुटी नको, मध नको. डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्त्व. पाटण, जावळीच्या डोंगरात नाचणी पिकते. 2025-26 चा तिचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये, म्हणजे किलोला पन्नासच्या आत. बाळाच्या तयार खाण्याचा तीनशे ग्रॅमचा डबा अडीचशे-तीनशे रुपयांना पडतो. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा, दळा आणि चाळा. मोड आल्यावर दाण्यात एक विकर तयार होते, ते स्टार्चचे तुकडे करते. म्हणून मोडाच्या पिठाची पेज पातळ होते आणि बाळाच्या छोट्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त धान्य जाते. फार भाजले तर ते विकर मरते, म्हणून आच मंद हवी. त्यात भाजलेल्या मूगडाळीचे पीठ मिसळा आणि वाटी-चमच्याने भरवा. दोन किलो एकदम केले तर महिन्यातून एक दिवस जातो. मजुरी धरूनही हे परवडते. शेतकरी संघटनेने 1990 च्या दशकात माजघर शेती म्हणून जे सांगितले ते हेच. दाणा कच्चा विकून त्याचेच पीठ डब्यातून परत घेऊ नका.

तिसरी गोष्ट साबण-सोड्याची. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या मागे धुण्याची पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. ती साडेतीन रुपये किलो होती, तेव्हा मोठ्या कंपनीची पावडर त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला होती. किमतीत केवढी हवा असते ते यावरून कळते. पण म्हणून घरोघरी कॉस्टिक सोडा आणून साबण करा, असे मी म्हणणार नाही. त्याने हात भाजतात, डोळा जातो. तो गटाने, शिकून, मुलांपासून लांब करायचा उद्योग आहे. घरात रिठा चालतो. आठ-दहा रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळून कुस्करा, गाळून घ्या. बाळाची झबली, टोपडी आणि लोकरीचे कपडे त्यात छान निघतात. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि तीन-चार दिवसांत संपवा. भांड्यांना राख उत्तम, पण गॅस आला आणि राख संपली. राखेसाठी चूल परत पेटवून बाईच्या छातीत धूर भरू नका. कऱ्हाड-शिराळ्याकडे गुऱ्हाळ असेल तर तिथली राख चाळून आणा. तांब्या-पितळेला चिंच आहेच. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी परसात सोडताना जपून. सोड्यातले सोडियम काळ्या जमिनीची घडण मोडते. कृष्णाकाठाला चोपण जमिनी आधीच कमी नाहीत. साध्या साबणाचे पाणी केळीला, अळूला द्या आणि जागा बदलत राहा.

आता ठरावाकडे येतो. आपल्याकडे जुनी चांगली रीत होती. बाळासाठी आधी नवे शिवत नसत, कुणाच्या तरी मुलाचे झबले घालत. कुंची, दुपटी, पाळणा, वाकळ या घरातून त्या घरात जात. ती रीत आपण लाजून सोडली. म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गावात महिला गटाने बाळंतविड्याची एक पेटी ठेवावी. पाळणा, कुंच्या, दुपटी, मोठे टब आणि दोन डझन लंगोट. दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवून पुढच्या घरी द्यावी. लंगोट पलंगाखाली लपवून वाळवू नयेत, उन्हात वाळवावेत. त्यात लाज कसली? दुसरे, ज्या घरात यातून पैसे वाचतील, त्या घराने मजुरीचा भाग करणाऱ्याच्या नावावर जमा करावा. तिसरे, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक भावाने घरच्या कामाचे तास एका कागदावर मांडून आणावेत. पिकाचे आणतो तसेच.

ऊसदराच्या प्रश्नावर आपण मगाशी तासभर बोललो. घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे, असे सगळे हात वर करून म्हणालात. तेच हात आता या ठरावालाही वर करावेत, एवढीच विनंती करतो आणि माझे बोलणे संपवतो.